जुन्या गाडीला दुसरं इंजिन: खर्च किती, काम कोणाचं, कागद कोणते?

बारा-चौदा वर्षं घरात असलेल्या गाडीचं इंजिन थकलं की गॅरेजमधून दोन आकडे ऐकू येतात. एक इंजिन खोलून पूर्ण काम करण्याचा, दुसरा बाजारातून जुनं इंजिन आणून बसवण्याचा. दोन्ही आकडे अपुरे असतात, कारण एकूण बिलात इंजिनची किंमत निम्म्यापेक्षाही कमी भरते. बाकीचे पैसे गॅस्केट, क्लच, नळ्या, ऑइल, मजुरी आणि आरटीओ यांत जातात. काम टिकणार की सहा महिन्यांत पुन्हा गाडी उभी राहणार, हे बहुतेक वेळा या बाकीच्या पैशांवरच ठरतं.

उदाहरणासाठी मारुती अल्टो घेऊ: तीन सिलिंडर, ७९६ सीसी, पेट्रोल. खाली दिलेले आकडे बाहेरच्या, म्हणजे कंपनीच्या नसलेल्या गॅरेजचे ढोबळ अंदाज आहेत. गाव, मॉडेल आणि सुट्या भागांचा ब्रँड यांनुसार ते वरखाली होतील. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये यापेक्षा बरेच जास्त धरा.

आधी खात्री करा: इंजिन खरंच गेलंय का?

धूर पाहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि तो बहुधा सेन्सर किंवा इंजेक्टरचा दोष असतो. गरम इंजिनमधून सतत पांढरा धूर येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर नुसत्या दमटपणानेही ती जमते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधी असेल, तर मात्र पाणी खरोखरच ऑइलमध्ये मिसळतंय.

निळा धूर फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला येऊन थांबत असेल, तर दोष बहुधा व्हॉल्व सीलचा असतो. हे सील काहीशे रुपयांत मिळतात. एवढ्यासाठी कोणी इंजिन बदलायला सांगत असेल, तर दुसऱ्या मेकॅनिकला दाखवा.

नंतर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. गॅरेजमध्ये ती पाचशे ते हजार रुपयांत होते आणि तिचा गेजही साधारण हजार-बाराशेला मिळतो. इंजिन गरम करायचं, इंधन आणि इग्निशन बंद करायचं, सगळे प्लग काढायचे, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यायचा. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा बराच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग-पिस्टन झिजलेत. तसाच राहिला तर दोष व्हॉल्वमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये, म्हणजे वरच्या भागात आहे. या एका चमच्यावर तीस हजारांचं काम दहा हजारांवर येऊ शकतं.

तीन पर्याय

वरचं काम: हेड उतरवणं, लेथवर फेसिंग, व्हॉल्व घासणं, नवे सील आणि हेड गॅस्केट. खर्च ७,००० ते १२,०००.

पूर्ण काम: ब्लॉक रिबोअर, ओव्हरसाइज पिस्टन-रिंग, बेअरिंग, ऑइल पंप, हेडचं काम. खर्च २८,००० ते ४०,०००. लेथवाला चांगला असेल तर हाच पर्याय सर्वांत जास्त टिकतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी अशा कामाचा हात पिढ्यांपासून बसलेला आहे.

दुसरं इंजिन: भंगारात निघालेल्या गाडीचं हाफ इंजिन (ब्लॉक, क्रँक, पिस्टन) १२,००० ते २०,०००, तर हेडसकट फुल इंजिन २० ते ३० हजार. डिझेलचं गणित वेगळं आहे. स्विफ्टच्या १२४८ सीसी डिझेल इंजिनसाठी टर्बो आणि इंजेक्टर धरून यातला प्रत्येक आकडा दुप्पट-तिप्पट समजा.

माझं मत स्पष्ट आहे. ब्लॉक आणि क्रँक शाबूत असतील तर स्वतःच्या इंजिनचं पूर्ण काम करून घ्यावं. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटला असेल, क्रँक वाया गेला असेल किंवा पुराचं पाणी शिरून इंजिन जाम झालं असेल, तरच दुसरं इंजिन शोधावं.

हाफ इंजिन बसवण्याचं पूर्ण बिल

- हाफ इंजिन: १५,०००
- फुल गॅस्केट सेट, ऑइल सीलसह: १,५००
- जुन्या हेडचं फेसिंग आणि व्हॉल्वचं काम: १,५००
- टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर: १,५००
- वॉटर पंप: १,२००
- क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग: ३,५००
- इंजिन माउंटिंग: २,०००
- कूलंट आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या, क्लिप: १,०००
- इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट: २,२००
- स्पार्क प्लग: ५००
- मजुरी: ६,०००

एकूण ३५,९००. सुट्या भागांवर सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बहुतेक भागांवर २८ टक्के होता. दर विचारताना ‘जीएसटी धरून का?’ हे विचारा आणि पक्कं बिल घ्या.

या यादीतलं काहीही ‘अजून चालतंय’ म्हणून वगळू नका. क्रँकच्या मागचं ऑइल सील दोन-तीनशे रुपयांचं असतं, पण ते फ्लायव्हीलच्या मागे बसतं. जुनं तसंच ठेवलं आणि महिन्याभरात गळायला लागलं, तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो, नव्या क्लचप्लेटवर ऑइल उडतं आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. पेट्रोलच्या नळ्यांचंही तसंच. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग व गॅस्केट त्यासाठी बदलावे लागू शकतात. इंजिन बाहेर असताना हात सहज पोहोचतो, तेव्हाच ते उरकून घ्या.

जुनं इंजिन घेताना

आपल्या इंजिनच्या नंबराचे आणि सेन्सरच्या जोडण्यांचे फोटो सोबत न्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक वायरिंग बदललेलं असतं. क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. मध्येच अडकलं तर घेऊ नका. ऑइल पॅनच्या तळाशी बोट फिरवा. चकाकणारा धातूचा कीस लागला तर बेअरिंग संपली आहेत. पंच केलेला नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला, तर भाव कितीही कमी असला तरी तिथून निघा.

मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात आणि पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची चौकशी करता येते. इंजिन कुठूनही घ्या, बिलावर इंजिन नंबर, मूळ गाडीचा नंबर आणि ‘चालू न झाल्यास परत’ ही अट लिहून घ्या.

घरी काय करावं, गॅरेजला काय द्यावं

ऑइल-फिल्टर, प्लग, एअर फिल्टर, बॅटरी, कूलंटच्या नळ्या, वायपर, बल्ब ही कामं घरी आरामात होतात आणि वर्षाला दोन-तीन हजारांची मजुरी वाचते. पाना-सॉकेट सेट, टॉर्क पाना, ट्रॉली जॅक आणि जॅक स्टँडची जोडी यांना मिळून दहा ते बारा हजार लागतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड लावा आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे द्या.

इंजिन उतरवणं मात्र सोसायटीच्या पार्किंगमधलं काम नाही. स्लॅबच्या हुकाला चेन ब्लॉक अडकवणं जिवावर बेतू शकतं. स्वतःचं अंगण, पक्की जमीन आणि अनुभवी मेकॅनिक सोबत असेल तरच विचार करा. एरवी घरी सोडवण्याची तयारी करा आणि उचलण्याचं काम गॅरेजला द्या. प्रत्येक जोडणी काढण्याआधी फोटो घ्या आणि बोल्ट पिशव्यांत घालून नाव लिहा. शक्य असेल तिथे एसीचा कॉम्प्रेसर नळ्या न सोडवता ब्रॅकेटपासून मोकळा करून बाजूला बांधून ठेवा. गॅस वाया जात नाही आणि भरण्याचे दीड-दोन हजार वाचतात. निघालेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरून अधिकृत रिसायकलरला जुनं ऑइल देणाऱ्या गॅरेजकडे द्या.

कागद: सर्वांत स्वस्त, सर्वांत दुर्लक्षित

इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. त्यामुळे हेड, पिस्टन, क्रँक बदलले तरी नंबर तोच राहतो, पण हाफ इंजिन बसवलं की तो बदलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती आधी घ्या. इंजिन चोरीच्या गाडीचं नाही ना, हे तपासायला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ ही सोय आहे. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावलेली नसेल, तर आधी ती लावा. महाराष्ट्रात चारचाकीसाठी तिचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे आणि तिच्याविना आरटीओतली कामं अडतात.

नवा नंबर विमा कंपनीलाही लेखी कळवा. आरसीवरचा आणि गाडीतला नंबर जुळला नाही तर अपघातानंतर दावा अडकतो, आणि गाडी विकतानाही ग्राहक तिथेच माघार घेतो.

कधी थांबावं

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायला मोटारीला ५,००० रुपये लागतात. २० वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ पासून हे शुल्क १०,००० झालं आहे. पर्यावरण कर वेगळा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने पत्रा आतून खातो, म्हणून इंजिनवर खर्च करण्याआधी कार्पेट उचलून तळाचा पत्रा आणि पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या वरची जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. तिथे भोक पडलं तर त्या गाडीत नवं इंजिन घालू नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि डिपॉझिट सर्टिफिकेट घ्या.

पत्रा चांगला असेल आणि सगळा खर्च, आरटीओसह, गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्यात बसत असेल, तर काम करून घ्या. मेकॅनिककडून बदलणाऱ्या भागांची यादी आणि मजुरी आधी लिहून घ्या, जुने भाग परत मागा आणि पैसे दोन हप्त्यांत द्या: निम्मे सुरुवातीला, उरलेले गाडी किमान शंभर किलोमीटर चालवून ऑइल आणि कूलंटची पातळी तपासल्यावर. रिबोअर केलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर ताणू नका, मग ऑइल आणि फिल्टर बदला. एवढं पाळलं तर ही गाडी घराला आणखी काही वर्षं नक्की साथ देईल.