आधी झिम्मा, मग फुगडी

मंगळागौरीच्या ग्रुपात नाव घालतेस म्हणालीस, छान वाटलं. पण एक ऐक, पहिल्याच दिवशी फुगडीला हात देऊ नकोस. नव्या मुली सगळ्या तिकडेच धावतात, कारण बघायला तीच झोकदार. तू आधी महिनाभर झिम्मा खेळ.

झिम्म्यात काय, नुसत्या टाळ्या, असं वाटतं. पण समोरचीच्या टाळीवर टाळी द्यायची, गिरकी घेऊन पुढचीकडे सरकायचं आणि तोंडाने गाणं चालूच ठेवायचं, यात भल्याभल्यांची दमछाक होते. हात, पाय आणि श्वास यांचा मेळ इथेच बसतो. गाणं म्हणता येईना की समजावं, वेग वाढलाय. गाणी पाठ नाहीत म्हणून बाजूला बसू नकोस. एकजण ओळ सांगते, बाकीच्या ती उचलतात. दोन-चार बैठकींत आपोआप तोंडी येतात. वहीत बघून म्हणणारीचा हात मात्र टाळीला कायम उशिरा पोचतो.

दरवेळी त्याच मैत्रिणीसमोर उभी राहू नकोस हो. जिच्याशी अजून बोललीही नाहीस तिच्यापुढे जा. कोणाचा हात जड, कोण घाई करते, कोणाची लय पक्की, हे झिम्म्यात कळतं आणि फुगडीला तेच कामाला येतं. चार झिम्मे एकत्र खेळलेल्या बायकांना ओळख करून द्यावी लागत नाही. नव्या गावात बदली होऊन आलेल्या कितीजणींना मी अशा रुळताना पाहिलंय.

आता फुगडी. दोघींनी समोरासमोर, पावलं जुळवून उभं राहायचं. चवड्यांना चवडे भिडले पाहिजेत. हातांची फुली करायची, उजव्यात उजवा, डाव्यात डावा. बोटांत बोटं गुंतवू नका, घामाने ती सुटतात, मनगटापाशी धरा. मग दोघींनी मागे कलायचं, कोपर न वाकवता. घाबरून पुढे वाकलीस की तोल गेलाच. मागे रेललीस तर समोरचीचा भार तुला धरतो आणि तुझा तिला. म्हणूनच पहिली फुगडी आपल्याच अंगकाठीच्या बाईबरोबर घालावी. पावलं उचलायची नाहीत, जागच्या जागी सरकवायची. नजर भिंतीवर गेली की गरगरतं. समोरचीच्या कुंकवावर ठेव, फिरणाऱ्या जगात तेवढंच स्थिर असतं. थांबताना वेग हळूहळू उतरवायचा आणि थांबल्यावरही हात लगेच सोडायचे नाहीत. पडतात त्या बहुतेक इथेच पडतात, फिरताना नव्हे.

काचेच्या बांगड्या आणि अंगठ्या सरावाला येताना घरीच ठेव. हौसेने हातभर चुडा भरून येतात आणि मग काच वेचत बसावं लागतं. गुळगुळीत लादीवर जोडवी घसरतात. सतरंजी पसरलेली असेल तर खुशाल गुंडाळून ठेव, ती पायाखालून सरकते. अनवाणीच खेळायचं. नऊवारी एवढ्यात नको, सरावाला सुती पंजाबी ड्रेस पुरे, ओढणी कमरेला घट्ट बांधून. कार्यक्रमाला शिवलेली नऊवारी चालते, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. नेसलेलीच पाहिजे हा हट्ट धरणाऱ्या बायका स्वतः खेळत नाहीत.

बसफुगडी आणि कोंबडा गुडघ्यांची परीक्षा बघतात. उकिडवं बसून एकेक पाय पुढे टाकायचा म्हणजे विशीतलं काम. चाळिशीनंतर जमलं तर जमलं. पिंग्याला मान दुखणारीने, आणि फुगडीला चक्कर येणारीने सरळ नाही म्हणावं, त्यात लाज कसली? गाणी म्हणायलाही माणूस लागतंच.

2023 साली ‘बाईपण भारी देवा’ आला, सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेला उतरतात तो. तेव्हापासून नवीन येणारी पहिलं विचारते, स्पर्धा कधी? स्पर्धा वाईट नाही. पण बक्षिसासाठी बसवलेल्या खेळात कच्च्या बाईला मागच्या रांगेत ढकलतात आणि मग ती कच्चीच राहते. पहिलं वर्ष तू कोणाच्या तरी घरच्या मंगळागौरीला खेळ. श्रावणात मंगळवार चार, कधी पाच. नवी नवरी सकाळी पूजा करते, रात्री जागरण. तिथे चुकलीस तर हसतात आणि पुन्हा ओढून घेतात.

पूर्वी हे सवाष्णींपुरतं होतं. ज्या ग्रुपात अजून तसं असेल तिथे जाऊ नकोस, दुसरा शोध, मिळतो. आणि हे खेळ काही आपल्याच घरांतले नाहीत. घाटावर नागपंचमीला बायका फेर धरतात, कोकणात गौरी-गणपतीत फुगड्या घालतात, गोव्यात पौषात मांडावर धालो होतात. तुझ्या ग्रुपातल्या सावंतवाडीच्या किंवा साताऱ्याच्या बाईला तिच्याकडची फुगडी विचार. घागर फुंकणं पाहायचं तर नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मीपुढे जा, तेही एक वेगळंच प्रकरण आहे.

गोफाला मात्र यंदा लांबूनच बघ. वरून सोडलेल्या रंगीत पट्ट्या, समोरून येणारीच्या एकदा आतून, पुढचीच्या बाहेरून जायचं. विणून झाला की तसंच उलटं जाऊन सोडवायचा. एकीचं पाऊल चुकलं की सगळ्याजणी अडकतात. आत-बाहेरचा क्रम बघून बघून डोळ्यांत बसू दे, मग पट्टी हातात घे.

सरावाआधी दोन तास पोटभर खाऊ नकोस. भाजणीचे वडे आणि मटकीची उसळ खेळ झाल्यावर असतेच. आणि सराव तळमजल्यावर घ्या, नाहीतर खालच्या घरचे सेक्रेटरीकडे जातात.