एका सूक्ष्मजंतूच्या विकराची घडण

शिरोड्याच्या मिठागरांतून उन्हाळ्यांत जाणाऱ्या वाचकांनीं एक गोष्ट पाहिलीच असेल. ज्या वाफ्यांतील पाणी सावकाश आटतें, तेथें मिठाचा खडा मोठा व चौकोनी धरतो; घाईनें आटलें तर बारीक चुरा हातीं येतो. आम्ही आज ज्या कामाची माहिती देणार आहों, त्याचें मूळ ह्या खड्यांतच आहे. १९१३ सालीं ब्रॅग ह्या शास्त्रज्ञानें मिठाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले आणि त्यांतील सोडियम व क्लोरीन ह्यांचे अणु, माडांच्या बागेंतील झाडांप्रमाणें, ठराविक अंतरावर एकाआड एक उभे असतात हें दाखवून दिलें.

ह्याचा शेतकऱ्याशीं संबंध काय? गाईची कास सुजली म्हणजे पशुवैद्य पुष्कळदां पेनिसिलिनच्या जातीचें औषध देतात. परंतु कित्येक रोगजंतूंपाशीं ह्या औषधाच्या मधल्या कड्यावरच घाव घालून तें निकामी करणारें विकर असतें. विकर म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारें, पण स्वतः खर्ची न पडणारें द्रव्य. बहुतेक विकरें प्रथिनांचीं असतात. वैद्यास न विचारतां हीं औषधें टोचणारे आमचे कांहीं बंधु अशा जंतूंस वावच देतात, हें स्पष्ट सांगितलेलें बरें.

म्हणून नवीं पेनिसिलिनें करावीं लागतात, आणि त्यांची रीत बरीचशी कलमासारखी आहे. रायवळ रोपाचा शेंडा छाटून त्यावर हापूसची काडी बांधावी, त्याप्रमाणें पेनिसिलिनचें शेपूट तोडून गाभा राखतात व त्यास दुसरें शेपूट जोडतात. अँपिसिलिन व अमॉक्सिसिलिन हीं अशा जोडकामाचींच फळें होत. मात्र घाव शेपटावरच पडला पाहिजे; मधलें कडें फुटलें कीं सर्व श्रम वायां. बॅसिलस स्फेरिकस नांवाचा मातींत राहणारा एक सूक्ष्मजंतु आहे. त्याचें ‘पेनिसिलिन व्ही ॲसायलेज’ हें विकर नेमकें शेपूटच तोडतें. तें हें कसें साधतें, हें जाणण्यास त्याची लांबी, रुंदी व खोली ह्या तिन्ही अंगांनीं घडण पाहणें अवश्य होतें.

हें काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील सुरेश, अर्चना पुंडले, शिवरामन् प्रभृति मंडळींनीं इंग्लंडांतील यॉर्क विद्यापीठाच्या साहाय्यानें केलें व १९९९ सालीं प्रसिद्ध केलें. यॉर्कचे गाय डॉडसन हे डोरोथी हॉजकिन ह्यांच्या हाताखालीं काम केलेले. आणि १९४५ सालीं खुद्द पेनिसिलिनची घडण ठरविणाऱ्या बाई त्याच.

प्रथिनाचा स्फटिक मिळविणें मिठाइतकें सोपें नाहीं. प्रथम प्रथिन अगदीं शुद्ध करावें लागतें. मग क्षारांच्या द्रावणांत (पुष्कळदां आपण भातास घालतों तेंच अमोनियम सल्फेट) त्याचा थेंब ठेवून त्यांतील पाणी हळूहळू ओढून घेतात. साधला तर राईहूनही लहान, मऊ व पाणीदार खडा मिळतो. न साधला तर गढूळ साका. खड्यावर क्ष-किरण सोडले कीं ठिपक्यांची नक्षी उमटते. ठिपक्यांचा ठळकपणा मोजतां येतो, पण लाटा परस्परांच्या किती पुढेंमागें आहेत हें त्यांवरून कळत नाहीं. ती उणीव भरून काढण्यासाठीं स्फटिकांत पाऱ्यासारख्या जड धातूचे अणु शिरवून नक्षींत पडणारा फरक पाहण्याची एक रीत आहे. त्यानंतर गणितानें नकाशा तयार होतो व त्यांत तीनशेंहून अधिक मण्यांची साखळी बसवितात.

पुण्याच्या मंडळींस काय दिसलें? चार सारखे भाग एकत्र जुळलेले. प्रत्येकांत मध्यें दोन पत्रे आणि दोहों बाजूंस मळसूत्रें. साखळीच्या अगदीं पहिल्या टोंकास सिस्टीन हा गंधकयुक्त मणी असून घाव घालणारें पातें तोच आहे. विकर तयार होतांना त्याच्या आधीं आणखी कांहीं मणी असतात. ते गळून पडल्यावांचून पातें उघडें होत नाहीं.

आंतड्यांतील जंतूंपाशीं पित्तक्षार तोडणारें एक विकर असतें, त्याचेंही ह्याच्याशीं नातें असल्याचें ह्या घडणीवरून उमगलें. २००६ सालीं पुणें व यॉर्क येथील मंडळींनीं बायफिडोबॅक्टेरियम लाँगम ह्या जंतूंतील त्या विकराचीही घडण प्रसिद्ध केली. त्यांतही पातें पहिल्या सिस्टीनाचेंच निघालें.