घरची उजळणी

चि. सौ. ताईस,



तुझे सविस्तर पत्र पावले. धाकटा दुसरीत गेला तरी विसाच्या आतील बेरजादेखील बोटांवाचून त्याला येत नाहीत, घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह तिसापर्यंतचे पाढे घोकून घेण्याचा, आणि शेजारणीचे म्हणणे असे की खिशातले यंत्र सारा हिशेब करीत असता पाठांतराचा अट्टाहास हवाच कशाला. या दोहोंच्या कात्रीत सापडून तू माझा कौल मागितला आहेस. उमेदीची सारी वर्षे प्राथमिक शाळेत अंकगणित शिकविण्यात गेल्यामुळे हा विषय मला फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून उत्तर जरा लांबले तर तेवढी सवड काढून वाच.

पाठांतर हवे, आणि ते पक्के हवे. परंतु जे पाठ करून घ्यावयाचे ते मुलाच्या हातांनी मांडलेले, डोळ्यांनी पाहिलेले आणि विस्मरण झालेच तर त्याला स्वतःच्या बळावर पुन्हा उभे करता येईल असे असले पाहिजे, आणि त्यासाठी भय किंवा लज्जा यांचा उपयोग कदापि होता कामा नये, हे माझे एकच म्हणणे आहे. ज्या मुलाला सात आणि आठ किती याचा दर वेळी नव्याने शोध घ्यावा लागतो, त्याचे सारे अवधान त्या शोधातच खर्ची पडते आणि हातचा कोठे धरला होता, भागाकार कोणत्या पायरीवर आला होता, मुळात प्रश्नात विचारले काय होते, याचे भान त्याला राहत नाही. शेजारणीच्या यंत्राला एवढेच उत्तर पुरे आहे: ते गणित करून देते, परंतु कोणते गणित करावयाचे हे मुलालाच ठरवावे लागते.

वडीलधाऱ्यांच्या आग्रहाला मात्र मी आदराने पाहतो, कारण त्यामागे फार जुनी गरज आहे. बाराव्या शतकात, ११५०च्या सुमारास, भास्कराचार्यांनी लीलावती रचिली तेव्हा आरंभीच जी परिमाणे दिली त्यांत वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क अशी चलनाची चढण आहे. आणि आमच्या लहानपणीदेखील चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, सोळा छटाकांचा शेर व चाळीस शेरांचा मण हाच व्यवहार होता. अशा चौथाईच्या आणि सोळांशाच्या जगात पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे पावपटीपासून साडेतीनपटीपर्यंतचे पाढे, तोंडपाठ असल्यावाचून दुकानाची कीर्द लिहिणे वा शेतसाऱ्याचा हिशेब समजून घेणे अशक्य होते, आणि म्हणून पंतोजींच्या शाळेत धूळपाटीपासून ते संध्याकाळच्या परवच्यापर्यंत त्यांचा घोष चाले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चालू झाली, पाठोपाठ मापेही दशमान झाली, आणि त्या घोषाचे मूळ कारण सरले. तेव्हा औटकी येत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. मात्र दूध अजूनही दीड लिटर येते, भाजी पावकिलो मिळते आणि घड्याळात सव्वासहा वाजतात. म्हणून पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांची ओळख त्याला बाजारात नेऊन अवश्य करून दे. पाढे दहापर्यंतचे अगदी पक्के व्हावेत, अकरा ते वीस पुढे सवडीने यावेत, आणि एकवीस ते तिसांचा आग्रह तूर्त बाजूस ठेवावा. सासूबाईंना हे सांगताना त्यांचे महत्त्व कमी होऊ देऊ नकोस. दिवेलागणीला परवचा ऐकण्याचे काम त्यांच्याकडेच सोपव, कारण नातवाचे पाढे शांतपणे ऐकून घेणारी आजी घरात असणे यासारखे साधन कोणत्याही शाळेला उपलब्ध नाही.

आता आरंभाविषयी. बेरजेच्याही आधी संख्या दिसली पाहिजे. त्याला चिंचोके दे, आगकाड्या दे, दहा-दहांच्या जुड्या बांधू दे आणि उरलेल्या सुट्या काड्या शेजारी ठेवू दे. मराठीत ही गोष्ट विशेष अगत्याची आहे, कारण आपली संख्यानामे सुटे अंक आधी आणि दशक मागून उच्चारतात. पस्तीस ऐकताच कानावर पाच प्रथम पडतात आणि म्हणून पुष्कळ मुले ३५च्या जागी ५३ लिहून बसतात. हा त्यांचा हूडपणा नव्हे, आणि मंदपणा तर मुळीच नव्हे. याच अडचणीचा विचार करून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस या प्रचलित नावासोबत वीस एक असे वाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद माजला आणि गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकरांनी त्या बदलाचे कारण धीराने समजावून सांगितले. जुनी नावे टिकली पाहिजेत असे मलाही मनापासून वाटते, परंतु घरात काड्या मांडताना तीन जुड्या आणि पाच सुट्या, म्हणजे तीस आणि पाच, म्हणजे पस्तीस, असे तिन्ही प्रकारांनी म्हणविल्याने जुन्या नावाला यत्किंचितही बाध येत नाही, आणि मुलाचा गोंधळ पुष्कळ कमी होतो. एकोणतीस, एकोणचाळीस या नावांपाशीही असेच थांब. पुढची जुडी पुरी व्हायला एक काडी कमी आहे हे त्याला डोळ्यांनी दिसू दे.

बोटांविषयी तू फार चिंता करतेस. बोटे मोडीत काढण्याची घाई करू नये. आपल्याकडे अंगठा फिरवून चार बोटांची बारा पेरे मोजण्याची रीत पूर्वापार आहे, आणि ज्याला अजून आधार हवा आहे त्याचा आधार हिसकावून घेतला तर तो विचार करावयाचे सोडून अंदाजाने उत्तरे फेकू लागतो. बोटांची गरज आपोआप सरावी म्हणून दहाचे घर मात्र पक्के करून घे. फरशीवर खडूने पाच-पाच घरांच्या दोन ओळी आख, सात घरांत चिंचोके ठेव आणि किती घरे रिकामी राहिली ते विचार. काही दिवसांत मोजल्यावाचून तीन असे उत्तर येईल. सात-तीन, सहा-चार, आठ-दोन, नऊ-एक, पाच-पाच या जोड्या जिभेवर बसल्या म्हणजे आठ अधिक पाच हा प्रश्न सुटला असे समज: आठाला दहा व्हावयास दोन हवेत, पाचांतून दोन दिले, तीन उरले, तेरा झाले. त्याच्या जोडीला दुपटी घ्याव्यात. सहा आणि सहा बारा हे ठाऊक असलेल्या मुलाला सहा आणि सात तेरा हे निराळे शिकवावे लागत नाही. वजाबाकीही निराळी घोकविण्याचे कारण नाही; तेरातून आठ गेले याऐवजी आठात किती घातले असता तेरा होतील असे विचारावे, म्हणजे बेरजेच्या ठेवीतूनच ती वसूल होते. पत्त्यांतून चित्रे आणि दश्शी काढून टाकून दहाच्या जोड्या जमविण्याचा डाव मांडलास, किंवा सापशिडीत एकाऐवजी दोन फासे टाकून त्यांची बेरीज म्हणावयास लावलीस, तर अर्धी उजळणी खेळातच उरकेल.

पाढ्यांना हात घालशील तेव्हा रांगोळीपासून आरंभ कर. पाटावर सात-सात ठिपक्यांच्या चार ओळी काढ, त्याच्याकडून मोजून घे, आणि मग तोच पाट आडवा फिरवून चार-चारांच्या सात ओळी दाखव. ठिपका एकही वाढला नाही, एकही घटला नाही, हे त्याच्या ध्यानात आले की चार साते आणि सात चोक ही एकच गोष्ट असल्याचे त्याला कोणी सांगावे लागत नाही. या एका ज्ञानाने ओझे किती उतरते ते बघ: एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर गुणाकार दिसतात, परंतु उलटसुलट जोड्या एकच धरल्या तर उरतात ५५; त्यांतून एक, दोन, पाच आणि दहा यांचे सोपे गुणाकार वगळले की २१; आणि नवाचा पाढा दसपटीतून एकपट वजा करून मिळतो हे एकदा उमगले की खरोखरीची मेहनत अवघ्या १५ गुणाकारांवर येते. म्हणून क्रमही पुस्तकी घेऊ नये. बे, दहा आणि पाच हे प्रथम, त्यांपैकी पाचाच्या पाढ्यासाठी भिंतीवरील घड्याळाचा मिनिटकाटा आहेच; नंतर बेची दुप्पट म्हणून चार आणि चाराची दुप्पट म्हणून आठ; पुढे तीन, तिनाची दुप्पट म्हणून सहा, आणि मग नऊ. सात सर्वांत शेवटी घ्यावे, कारण तेथे पोहोचेपर्यंत त्यातील एकच गुणाकार अपरिचित उरलेला असतो, साती साते एकोणपन्नास. सातांसाठी भिंतीवरचे कॅलेंडरही उपयोगी पडते. ज्या वारी सात तारीख, त्याच वारी चौदा, एकवीस आणि अठ्ठावीस येतात हे त्याला स्वतःच हुडकू दे, तू सांगू नकोस.

एवढी समज आल्यानंतर मग तालावर परवचा म्हणविण्यास माझी पूर्ण संमती आहे. लय ही स्मरणाची मोठी मैत्रीण आहे आणि आपल्या पाढ्यांच्या लयीत पिढ्यान् पिढ्यांचे शहाणपण साठलेले आहे. तिच्यातील एक उणीव मात्र तुला माहीत असावी: लयीत शिकलेले मूल सात आठे विचारल्यावर सात एके सातपासून चढत येते आणि छप्पन्नापाशी धापा टाकीत पोहोचते. यास्तव पाढा सरळ येऊ लागला की लगेच आडवातिडवा विचारावा, आणि उलटही विचारावा: छप्पन्न कोणाकोणाचे? हा उलटा प्रश्न भागाकाराची पूर्वतयारी करतो, म्हणून त्याला मी पाढ्याइतकेच महत्त्व देतो.

वेळेचे म्हणशील तर रोज दहा मिनिटे पुरेत, आणि ती रोज हवीत. आठवडाभर काही नाही आणि रविवारी दोन तास बैठक, हा प्रकार सर्वथा वर्ज्य समज. मन जे वारंवार, थोड्या-थोड्या अंतराने आठवते तेच धरून ठेवते. नव्याबरोबर मागचेही चार प्रश्न मिसळीत जावे, म्हणजे शिकलेले शिळे होत नाही. उत्तर चुकले तर चूक हा शब्द उच्चारण्याआधी, तू हे कसे काढलेस, असे विचारावे. मूल आपली रीत सांगू लागते आणि सांगता सांगता बहुधा स्वतःच अडखळते, सावरते आणि दुरुस्त करते. त्या क्षणी तुझी शांतता त्याला तुझ्या स्पष्टीकरणापेक्षा अधिक शिकवील.

मोबाईलवरचा तो खेळ, ज्यात सेकंद उलटे मोजले जातात, तो मात्र तूर्त बंद ठेव. शीघ्रता ही ओळखीतून यावयाची असते. ओळख होण्यापूर्वीच तिचा तगादा लावला तर लहान जीव घाबरतो, आणि घाबरलेल्या मुलाला ठाऊक असलेलेही सुचत नाही. चुलतभावाशी तुलना, पाहुण्यांसमोर पाढे म्हणविणे, न आल्यास जेवण थांबविणे, हे तर कधीही होऊ नये. आणखी एक गोष्ट तुला स्पष्टच सांगतो, राग मानू नकोस: मलाही गणित कधी जमले नाही हो, असे वाक्य तू त्याच्या देखत बोलत जाऊ नकोस. आईचे शब्द मूल निकालासारखे ग्रहण करते, आणि थोरली मुलगी ते ऐकत असेल तर ती त्याचा आपल्या परीने आणखी वेगळा अर्थ लावील. घरातील जमाखर्च तूच ठेवतेस, महिन्याचा किराणा तूच बसवतेस. ते करताना दोघांनाही जवळ बसवून घे. वाण्याच्या बिलाची बेरीज धाकट्याने करावी, शंभराच्या नोटेतून किती परत यावयाचे ते थोरलीने सांगावे, आणि जावईबापूंनीही कधीमधी त्यात भाग घ्यावा.

महागड्या साधनांच्या नादी लागू नकोस. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम आरंभिले तेव्हा भोवतालच्या बिया, पाने, शंख-शिंपले यांनाच शैक्षणिक साहित्याचा मान दिला. मूठभर चिंचोके, काड्यांच्या जुड्या, पत्त्यांचा जोड आणि खडू, एवढ्या साहित्यावर तिसरीपर्यंतचे सारे अंकगणित घरात उभे राहते.

पुढल्या पत्री मला इतकेच लिहून कळव: वर सांगितलेल्या पंधरांपैकी कोणते गुणाकार त्याला विचारताक्षणी येतात, कोणते मांडून काढावे लागतात आणि कोणत्यापाशी तो चाचपडतो. त्यावरून पुढील महिन्याचा क्रम लावून पाठवीन. दहाच्या जोड्या अद्याप बसल्या नसल्यास मात्र पाढ्यांना तूर्त हात लावू नकोस. दसरा झाल्यावर आरंभ केलास तरी काही बिघडत नाही.

जावईबापूंना नमस्कार, सासूबाईंना साष्टांग नमस्कार आणि दोन्ही मुलांना गोड पापा.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा