आधी गाडीचं काम ठरव

ट्रॉय, मिशिगन

चि. बाळ्यास,


तू पाठवलेली दोन्ही कोटेशनं नीट वाचली. एक चार पायांच्या बोल्ट-इन रोल बारचं, दुसरं दहा पायांच्या वेल्डेड केजचं. 'काका, यातलं चांगलं कोणतं?' असं तू विचारलंस. गाडी 1967 ची मस्टँग फास्टबॅक, त्यातही डिअरबॉर्नच्या कारखान्यातली. चासी नंबरातलं एफ हे अक्षर तेच सांगतं. अशी गाडी हाती आल्यावर तिच्यासाठी उत्तम तेच घ्यावं असं वाटणं साहजिक आहे. पण उत्तम कोणतं हे गाडीच्या कामावरून ठरतं, आणि नेमकं तेच तू अजून ठरवलेलं नाहीस.

शनिवारी ड्रॅग स्ट्रिप, रविवारी छकुलीला मागच्या सीटवर बसवून फेरफटका, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इकडे वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या ड्रीम क्रूझला हजेरी, असा तुझा बेत आहे. हौस म्हणून तिन्ही गोष्टी मला पसंत आहेत. पण केजच्या बाबतीत दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही. माझी उभी हयात गाड्यांच्या सांगाड्यांत गेली, म्हणून हक्काने सांगतो: शर्यतीच्या गाडीत जीव वाचवणारा पाइप रस्त्याच्या गाडीत जीव घेऊ शकतो.

कसा ते ऐक. स्ट्रिपवर तुझ्या डोक्यावर हेल्मेट असतं, अंगाला हार्नेस असतो, सीट घट्ट कवेत घेणारी असते. रस्त्यावर यांतलं काहीच नसतं. कुणी बाजूने येऊन धडकलं तर पट्टा लावलेला असूनही कमरेच्या वरचं शरीर हेलकावा खातं आणि डोकं त्या दिशेला जातं. तिथे कानशिलापासून वीतभरावर पावणेदोन इंच जाडीचा पोलादी पाइप असेल तर पुढचं सांगायला नको. पाइपवर पॅडिंग घालतात हे खरं. पण शर्यतीसाठी प्रमाणित झालेलं कठीण पॅडिंग हेल्मेट घातलेल्या डोक्याचा हिशेब धरून बनवलेलं असतं. उघड्या डोक्याला ते फारसा आधार देत नाही, आणि बाजारातला मऊ फोम तर निव्वळ शोभेचा. दहा पायांच्या केजमध्ये दोन पाइप पुढच्या काचेच्या खांबांलगत खाली उतरतात आणि एक कपाळाच्या वरून आडवा जातो. म्हणजे डोकं आपटायच्या जागा वाढतात. मागच्या सीटवर तर मुख्य हूपपासून, म्हणजे सीटमागच्या कमानीपासून, निघालेले तिरके पाय मुलीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी जातील. बार बसला की मागची सीट संपली असंच धरून चाल.

आता स्ट्रिपचा नियम काय मागतो ते बघू. पाव मैलाला 11.49 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला की ड्रॅग रेसिंगची नियामक संस्था एनएचआरए रोल बार सक्तीचा करते. तुझी गाडी कन्व्हर्टिबल असती तर ही सक्ती 13.49 पासूनच लागू झाली असती, कारण तिला छताचा आधार नाही. 10.99 पासून केज लागतो. मात्र गाडीचा फ्लोअर, फायरवॉल आणि बॉडी मूळची शाबूत असेल तर 10.00 पर्यंत रोल बारवर भागतं. 9.99 किंवा त्याहून कमी वेळ, किंवा ताशी 135 मैलांहून जास्त वेग झाला की केज तर हवाच, शिवाय सांगाड्याची तपासणी होऊन त्यावर प्रमाणपत्राचं स्टिकर लागतं आणि दर तीन वर्षांनी ते नवं करावं लागतं. नियमपुस्तक दरवर्षी नवं निघतं, तेव्हा काम सुरू करण्याआधी चालू वर्षाचं वाचून घे. तुझ्या टाइमस्लिपवर आज 12.90 आहे. म्हणजे नियमाच्या दृष्टीने तुला आज यांतलं काहीच लागत नाही. नवं इंजिन बसवून तू अकराच्या घरात जाणार म्हणतोस, तेव्हा प्रश्न रोल बारचा येईल. दहा पायांच्या केजचा तरीही येणार नाही.

'केजने गाडी ताठ होते, वळणावर लवत नाही,' हा तुझा दुसरा मुद्दा. ती ताठ होते हे खरं आहे. पण तुझ्या गाडीचं दुखणं खाली आहे आणि तू इलाज छतापाशी करतो आहेस. मस्टँगला शेव्हेलसारखी वेगळी फ्रेम नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. पुढच्या आणि मागच्या सबफ्रेमच्या मध्ये फ्लोअरचा पत्रा आणि दाराखालची सिल एवढाच दुवा आहे. त्या दोन टोकांना जोडणारे सबफ्रेम कनेक्टर खालून वेल्ड करून घे. खर्च केजच्या मानाने किरकोळ, डोक्याजवळ काही येत नाही, मागची सीटही शाबूत राहते. दार उघडताना-लावताना फरक तुझा तुलाच जाणवेल.

उद्या रोल बार घ्यायची वेळ आलीच, तर पाइपची चमक बघण्याआधी तो कशावर उभा राहणार ते बघ. गाडी उलटली की सगळा भार हूपच्या दोन पायांतून फ्लोअरमध्ये उतरतो. पत्रा कुजका असेल तर पाय पत्रा फाडून खाली जातो आणि हूप असून नसल्यासारखा होतो. या मस्टँगांचं जुनं दुखणं म्हणजे काउल. काचेखालच्या त्या जाळीतून पाणी आत शिरतं, आतल्या आत गंज धरतो आणि तेच पाणी डॅशबोर्डखालून फ्लोअरवर ठिबकतं. तेव्हा पुढचा गालिचा काढ, जाळीत एक झारीभर पाणी सावकाश ओत, आणि खाली विजेरी घेऊन आडवा हो. हीटरच्या आसपास थेंब दिसला तर आधी काउलची दुरुस्ती. मग फ्लोअरवरचं डांबरी अस्तर खरवडून पत्र्यावर जागोजाग स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघ. टोक रुतलं तर तेवढा पत्रा कापून नवा घातल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

बोल्ट-इन बारमध्ये प्रत्येक पायाखाली सहा बाय सहा इंचांची, एक अष्टमांश इंच जाडीची प्लेट फ्लोअरच्या वर, तशीच दुसरी खाली, आणि दोन्हींना आरपार धरणारे तीन अष्टमांश इंचाचे किमान चार बोल्ट असावे लागतात. वरच एक प्लेट ठेवून खाली नुसते वॉशर लावणारे कारागीर भेटतात. त्यांच्याकडे गाडी देऊ नकोस. नीट बसवलेला बोल्ट-इन बार कमी प्रतीचा नसतो, पण तुझ्या कोटेशनातला चार पायांचा आहे, म्हणजे मुख्य हूप आणि मागचे दोन तिरके आधार. चालकाच्या बाजूचा आडवा पाइप त्यात नाही. नियमाला तो हवा असतो, आणि तो खांदा व कोपर यांच्या मधोमध उंचीवरून गेला पाहिजे. अकराच्या घरात जायचं तर सहा पायांचा घे आणि बाजूचे पाइप उघडणारे, म्हणजे स्विंग-आउट घे.

हूपची उंची हेल्मेटच्या वर किमान तीन इंच, साधारण चार बोटं, आणि हूप डोक्यापासून सहा इंचांच्या आत हवा. हे माप कॅटलॉगमधून मिळत नाही. जी सीट वापरणार तीच बसव, हेल्मेट घाल, पट्टे आवळ, आणि सूनबाईंना टेप धरायला सांग. सीट बदलली की माप बदललं. खांद्याच्या पट्ट्यांचा आडवा पाइप खांद्याच्या वर नको आणि चार इंचांपेक्षा खाली नको. तो फार खाली गेला तर धक्क्याच्या वेळी पट्टे खांद्यांना खाली ओढतात आणि तो दाब सरळ मणक्यावर येतो.

पाइपचंही समजून घे. क्रोममोली हलका म्हणून तू त्याच्यावर भाळला आहेस, पण तो धातू वजनाला हलका नसतो. तो जास्त मजबूत असल्यामुळे नियम त्याला पातळ भिंत चालवून घेतात. पावणेदोन इंच व्यासात साध्या पोलादाला किमान 0.118 इंच भिंत लागते, क्रोममोलीला 0.083 पुरते. किटमध्ये साधा पाइप बहुधा 0.134 चा येतो. त्याचं वजन फुटाला सुमारे 2.3 पाउंड, क्रोममोलीचं दीड. पन्नास फूट पाइप लागला तर चाळीसेक पाउंडांचा फरक पडतो. तेवढ्यासाठी क्रोममोली घ्यायचं तर त्याला टिगनेच वेल्डिंग हवं आणि करणाऱ्याचा हात तयार हवा. साध्या पोलादाला मिग चालतं. तुझ्या गाडीला साधा पाइपच योग्य. त्यातही डीओएम मिळाला तर घे. तोही आधी पट्टी वळवून, जोडूनच बनतो, पण नंतर मँड्रेलवरून थंड ओढला जातो, त्यामुळे माप काटेकोर राहतं आणि ताकद वाढते.

कारागीर निवडताना त्याने केलेली दुसरी गाडी बघायला माग. हूपच्या वळणावर हात फिरव. वळण गोलच लागलं पाहिजे. पाइप तिथे चपटा झाला असेल किंवा आतल्या बाजूला सुरकुती असेल तर तो सायलेन्सरचे पाइप वाकवायच्या यंत्रावर वाकवलेला आहे. मग सांधे बघ. एका पाइपचं तोंड दुसऱ्याच्या गोलाईवर बसेल असं कापलेलं असावं, फट वेल्डने भरून काढलेली नसावी. ग्राइंडरने घासून गुळगुळीत केलेला वेल्ड दिसायला छान, पण एनएचआरएला तो चालत नाही, कारण घासताना सांध्यातला धातू कमी होतो आणि खोट झाकली जाते. सगळ्यात अवघड सांधा छताला टेकलेल्या पाइपचा. वेल्डिंगचा टॉर्च वर पोहोचत नाही म्हणून पुष्कळ जण तीन बाजूंनीच वेल्ड मारून सोडतात. चांगला कारागीर पायांच्या जागी फ्लोअरला भोकं पाडतो, सगळा केज त्यातून खाली उतरवतो, वरचे सांधे पूर्ण गोल वेल्ड करतो, मग केज उचलून पायांखाली प्लेटा बसवतो. 'वरचे सांधे कसे करता?' एवढा एकच प्रश्न विचार, माणूस कळेल. आणि काम सुरू होण्याआधी बॅटरी, पेट्रोलची टाकी, गालिचे आणि छताचं कापड गाडीबाहेर काढलेलं तू स्वतः बघ.

हार्नेसबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. हार्नेस, सीट आणि रोल बार ही तिन्ही एकत्रच येतात. नुसता हार्नेस लावून मूळ सीटवर बसलास तर छत दबताना तुला वाकायलाही जागा मिळणार नाही. एसएफआय या प्रमाणन संस्थेच्या साध्या पट्ट्यांची मुदत स्ट्रिपवर दोन वर्षं धरतात, तेव्हा विकत घेताना शिक्क्यावरची तारीख वाच.

'रस्त्यावरच्या मस्टँगमध्येही बार असतो' असं म्हणशील, तर शेल्बीने तिच्यावर बेतलेल्या 1967 च्या जीटी 350 आणि जीटी 500 मध्ये कारखान्यातूनच रोल बार दिला होता. पण त्या बारवर आपोआप गुंडाळले जाणारे खांद्याचे पट्टे बसवलेले होते. अमेरिकेत पुढच्या सीटला खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला 1 जानेवारी 1968 पासून आणि डोक्यामागचा आधार 1 जानेवारी 1969 पासून. तुझी गाडी या दोन्हींच्या आधीची. तुझ्या मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे, आणि ती डिकी व तुझी मुलगी यांच्यामध्ये सीटची पाठ सोडली तर फारसं काही नाही. रस्त्यावरचे खरे धोके हे आहेत. यांतला एकही केजने जात नाही.

तेव्हा माझा कौल असा. या वर्षी काउल आणि फ्लोअर दुरुस्त कर, सबफ्रेम कनेक्टर घाल, पुढे-मागे तीन टोकांचे पट्टे बसव, डोक्याला आधार देणाऱ्या सीटा घे, आणि डिकी व मागच्या सीटच्या मध्ये पोलादी पत्र्याचा पडदा वेल्ड करून घे. ब्रेक आधीच केलेस, ते उत्तम केलंस. टाइमस्लिपवर 11.49 दिसायला लागलं की साध्या पोलादाचा सहा पायांचा रोल बार घाल, आणि त्या दिवसापासून छकुलीला या गाडीत बसवू नकोस. तिच्यासाठी घरची दुसरी गाडी आहे. केजची वेळ आली तर ती गाडी ट्रेलरवरूनच स्ट्रिपला जाईल, रस्त्यावर येणार नाही, हे मनाशी ठरवूनच घाल.

दोन्ही कोटेशनवाल्यांना तूर्त नाही कळव. येत्या शनिवारी गालिचा काढून फ्लोअरचे आणि काउलखालचे फोटो मला पाठव. ते पाहिल्याशिवाय कुणालाही आगाऊ पैसे देऊ नकोस.

सूनबाईंना व छकुलीला आशीर्वाद.

तुझा,
काका