खुब्याचे हाड मोडल्यानंतर

वार्धक्यात खुब्याचे हाड मोडण्यास मोठा अपघात लागत नाही. ओल्या न्हाणीघरात पाय घसरणे किंवा रात्री उंबरठ्याला अडखळणे एवढे निमित्त पुरते. शस्त्रक्रिया होते आणि काही दिवसांत रुग्ण घरी येतो. खरी अडचण येथून सुरू होते. रुग्णालयात त्याला उठवून चालविणारी प्रशिक्षित माणसे होती. घरच्या माणसांना मात्र तो पुन्हा पडेल या भयाने ग्रासलेले असते. मग पाणी उशाशी येते, ताट खाटेवर येते, आणि चांगला होऊ शकणारा पाय सेवेपायी दुबळा होत जातो.

बिछान्यात पडून राहण्याच्या धोक्यांवर रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टराने १९४७ सालीच लिहिले होते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सुमारे एक किलोने घटल्याचे आढळले. या माणसांचे हाडही मोडलेले नव्हते.

म्हणून घरच्या व्यायामात सर्वांत मोलाचे काम दिसावयास अगदी साधे आहे: खुर्चीवरून उठणे आणि पुन्हा बसणे. मोडलेल्या पायावर किती भार द्यावयाचा हे शस्त्रवैद्याने सांगितलेले असते. ती मर्यादा पाळावी. खुर्ची हातांची, टणक बैठकीची व भिंतीला टेकविलेली असावी. ती बुटकी असल्यास घट्ट उशी घालून उंच करावी. रुग्णाने बैठकीच्या कडेशी सरकावे, चांगला पाय जरा मागे घ्यावा, आणि खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन उठावे. वॉकर धरून स्वतःला ओढू नये, तो कलंडतो. शेजारच्याने दंड धरून खेचू नये, नुसते जवळ उभे राहावे. बसताना धपकन न बसता सावकाश टेकावे, कारण मांडीच्या स्नायूंना तेव्हाही श्रम पडतात. प्रारंभी पाच वेळा, दिवसातून तीनदा एवढे पुष्कळ झाले. पडल्यापडल्या घोटे वरखाली हलविणे चालूच ठेवावे.

काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी. हे अनेकांना उलटे वाटते, परंतु त्यामुळेच दुखऱ्या खुब्यावरील ताण कमी होतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

आपल्याकडील जीवन जमिनीलगतचे आहे. कृत्रिम सांधा बसविला असल्यास उकिडवे बसणे व मांडी घालणे शस्त्रवैद्याच्या परवानगीवाचून करू नये. कमोडची खुर्ची आणावी. अनेक वृद्ध तिचा संकोच करतात आणि रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. घरच्यांनी याकडे लक्ष ठेवावे.

व्यायामानंतर थोडे ठणकणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या दिवशीही वेदना वाढलेली असेल तर संख्या निम्मी करावी, व्यायाम सोडू नये. मात्र पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून स्राव आला, किंवा पाय एकाएकी आखूड वा बाहेर वळलेला दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली किंवा छातीत दुखले तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.