स्क्रू खोलण्याआधी घड्याळ बघ

राजा, कॉम्प्युटर तापतो, रखडतो, मग नवाच घेऊ का, असं तू परवा फोनवर विचारलंस. तेव्हा मी ‘थांब जरा’ एवढंच म्हणालो, कारण तुझी मामी पानं वाढून बसली होती. आता निवांत लिहितो.

अकोल्यातल्या माझ्या दुकानात मे महिना लागला की असल्या डब्यांची रांग असायची. गिऱ्हाईक आल्या आल्या म्हणायचं, फॉरमॅट मारून द्या. मारून दिलं की चौथ्या दिवशी गडी परत दारात. दोन उन्हाळे असे वाया गेल्यावर मी हातात स्क्रूड्रायव्हर घ्यायच्या आधी एकच विचारायला लागलो: सुरू केल्यापासून किती वेळानं रखडतं? निम्मं निदान या एका उत्तरात असतं.

बटण दाबल्यापासूनच मरगळ असेल, तीही पहाटेच्या गारव्यात, तर तापाचा काही संबंध नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के ठाण मांडून बसलेत आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, तर पंखा कितीही पुसलास तरी ढिम्म फरक पडायचा नाही. एसएसडी बसव. काहीही उघडलेलं नसताना सीपीयूचा रकाना भरलेला दिसला, तर कोण खातंय ते त्याच यादीत बघ. अँटिव्हायरसची झाडाझडती असेल तर ती संपू दे. नाव अनोळखी असेल आणि मशीन रोज रिकामं बसूनही धापा टाकत असेल, तर फुकटात उतरवलेल्या एखाद्या गेमबरोबर पाहुणा आलाय असं समज.

आता खरा ताप. वीस-पंचवीस मिनिटं झकास चालतं, मग मंदावतं, अर्धा तास बंद ठेवलं की पुन्हा ताजंतवानं. याचा अर्थ वारं अडलंय. पण जड काम सुरू करताच पाच-दहा सेकंदांत तापमानाचा आकडा नव्वदीला भिडला, तर दुखणं निराळं. हीटसिंक म्हणजे धातूचा चांगला मोठा ठोकळा, त्याला तापायला वेळ लागतो. चिप इतक्या झटक्यात उसळली याचा अर्थ तिची उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचतच नाही. चिप आणि ठोकळा यांच्या मधली पेस्ट वाळलीय, नाहीतर हीटसिंक एका कोपऱ्याला सुटलाय. खात्री करायची तर मशीन बंद कर, वायर काढ आणि लगेच हीटसिंकला बोट लाव. चिप नव्वदला होती आणि हीटसिंक कोमट, तर दोष तिथंच. (अगदी नव्या, महागड्या प्रोसेसरांना ही परीक्षा लावू नकोस, ते स्वभावानंच उसळतात. तुझ्या साध्या मशीनला लागू आहे.) आकडा बघायला कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो पुरे, दोन्ही फुकट मिळतात. कामात असताना सत्तर-ऐंशी दिसले तर घाबरायचं नाही. ९५ ते १०० च्या घरात गेलं की चिप आपणहून वेग उतरवते.

हे वेग उतरवणं म्हणजे बिघाड नव्हे बरं. जुन्या काळी काही प्रोसेसर असे होते, की हीटसिंक सुटला तर बघता बघता जळून जायचे. मग २००० साली पेंटियम ४ आला, तो ताप चढला की स्वतःच ढिला पडायचा. आताचे सगळे तसेच वागतात. तुझं मशीन रखडतं ते जीव वाचवायला.

वारं अडलंय असं ठरलं की लोक आतून सुरुवात करतात, पेस्टची ट्यूब आणून. तू बाहेरून आत ये. आधी खोली. पंखा चिपला खोलीपेक्षा गार करू शकत नाही, हा साधा हिशेब विसरला जातो. ३० अंशांच्या खोलीत चिप ७० ला असेल, तर तेच काम ४४ च्या खोलीत करताना ती ८४ च्या आसपास जाणार. म्हणजे डिसेंबरात निभावलेली धूळ मे महिन्यात निभावत नाही.

मग जागा. कॉम्प्युटर टेबलाच्या त्या खालच्या कप्प्यात डबा ढकलून दार लावतात, ते दार आधी बिजागरीसकट काढ. मागचा पंखा गरम हवा बाहेर फेकतो, भिंत वीतभर तरी लांब हवी. डब्यावर आईनं विणलेलं क्रोशाचं कव्हर असेल तर ते सन्मानानं टीव्हीच्या टेबलावर पाठव. लॅपटॉप असेल तर तो गादीवर ठेवून चालवायचा नाही, गादी त्याचं पोटाखालचं नाक बंद करते. खाली पाट ठेव.

कूलरबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आपल्याकडे हाच घात करतो. उन्हाळ्यात कूलरसमोर जागा अडवायची सगळ्यांनाच हौस, कॉम्प्युटरलाही तिथंच बसवतात. गार वारा मिळतो हे खरं. पण त्या वाऱ्याला ओल असते, आणि ओलीवर धूळ चिकटली की ती फुंकरीनं उडत नाही, हीटसिंकच्या पात्यांमध्ये चिखलासारखी बसते. त्यातून पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाण पट्टा. टुल्लू पंप बोअरचं खारं पाणी ताट्यांवर सोडतो, ताट्या जुन्या झाल्या की तुषार उडतात, आणि बोर्डावर पांढरी खपली धरते. असे बोर्ड मी कितीतरी पाहिले, सांधे हिरवे पडलेले. कूलर खोली गार करू दे, त्याचं तोंड मात्र डब्याकडे नको. उदबत्तीचंही तेच. देवघराशेजारच्या मशीनमधली धूळ काळी आणि तेलकट निघते, ती ब्रशशिवाय हटत नाही.

एवढं करूनही आकडा उतरला नाही, तर डबा उघड. वायर काढून, पंधरा मिनिटं थांबून, उघड्या धातूला हात लावून मगच आत. पंखा आणि हीटसिंक यांच्या मध्ये बघ. वरून सगळं स्वच्छ दिसतं आणि नेमकं त्या फटीत धुळीचा नमदा जमलेला असतो, घोंगडीच्या तुकड्यासारखा सोलून निघतो. रंगाचा मऊ, कोरडा ब्रश आणि हातातला ब्लोअर पुरे. ब्लोअर मारताना पंख्याची पाती पेन्सिलीनं अडवून धर, मोकळी सोडलीस तर ती नको तेवढ्या वेगानं फिरतात आणि बेअरिंग जातं. टायर पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरपाशी नेऊ नकोस, त्याच्या हवेत पाणी असतं. ओलं फडकं तर नाहीच.

पेस्ट शेवटी. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, नवी मधोमध, तुरीच्या दाण्याएवढी. लोण्यासारखी थापायची नसते, दाब पडला की ती आपोआप पसरते. इंटेलच्या डब्यातल्या साध्या पंख्याला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, तिरप्या जोडीनं दाब आणि बोर्डाच्या मागून चारही बाहेर आल्यात का बघ. एक अर्धवट राहिली की तेच पाच सेकंदांचं दुखणं परत.

रायझन असेल, तेही जुन्या एएम४ सॉकेटचं, तर माझी फजिती ऐक. थंड मशीनचा हीटसिंक मी सरळ वर ओढला. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही सोबत उपटून आला, आणि तो सांभाळताना बोटाखाली पिना वाकल्या. अर्धा दिवस शिशाच्या पेन्सिलीची, त्या बटणवाल्या, रिकामी नळी एकेका पिनेवर चढवून मी त्या सरळ करत होतो. गिऱ्हाईक स्टुलावर बसून बघत होतं. तेव्हा आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ होऊ दे, मग बंद कर, वायर काढ, आणि हीटसिंक डावी-उजवीकडे हळूच पिळत सोडव.

सुटे भाग येईपर्यंत काम अडलं असेल तर एक तात्पुरती युक्ती आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्क्यांवर आण. टर्बो बंद पडतो, वेग थोडा जातो, ताप मात्र बराच उतरतो. काही मशीनवर हा पर्याय दिसत नाही, तर सोडून दे.

एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, डबा उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरांत धक्का देण्याइतका दाब राहतो. त्याचा पंखा फिरत नसेल, किंवा बोर्डावरच्या कपॅसिटरांची टोपणं पुरीसारखी फुगलेली दिसली, तर हात लावू नकोस, माझ्याकडे घेऊन ये. आणताना कॉम्प्युटर स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये उभा धरून आणू नकोस. रिक्षा कर, सीटवर आडवा झोपव, काढायची बाजू वर. नाहीतर जड हीटसिंक खड्ड्याखड्ड्याला बोर्डाला लोंबकळत येतो, आणि मग दुखणी दोन होतात.