पहिला क्रमांक जिजाईचा

वर्षभरात पाहिलेल्या चित्रपटांतले सात आवडते निवडायचे आणि त्यांना क्रम लावायचा, हे यंदा पहिल्यांदाच मनावर घेतलं. त्यांत काही अगदी नवे होते, काही फार जुने, तर काही दुसऱ्यांदा पाहिलेले. क्रम वर-खाली करता करता जे उमगत गेलं ते सांगते. तुमचे सात निराळे असतील, आणि ते तुम्हाला सांगतील तेही निराळंच असेल.

१. आदर वाटणं आणि आठवण येणं यांत बरंच अंतर असतं. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ (२०२०) संपला तेव्हा मला खात्री होती की वर्षाचा पहिला क्रमांक हाच. शास्त्रीय गाण्यासाठी सगळं आयुष्य बाजूला ठेवणारा आणि आपल्या गळ्यात ते नाही हे हळूहळू ओळखणारा शरद नेरुळकर. ही भूमिका करणारा आदित्य मोडक स्वतः गाणारा आहे, त्यामुळे सूर नेमका कुठे उणा पडतो हेही खरं वाटतं. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावरून त्याची मोटरसायकल संथपणे सरकत असते आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचं ध्वनिमुद्रित बोलणं चालू असतं. सुमित्रा भावे यांच्या आवाजातलं ते बोलणं ऐकताना मी अक्षरशः सावरून बसले होते. पण महिने गेले आणि माझ्या लक्षात आलं की मला आठवतो तो एकटा शरद. त्याची आई, त्याची आजी कडेलाच राहिल्या. शरदनं जगाकडे पाठ फिरवली म्हणून चित्रपटानंही फिरवली, हे मला कळतं आणि पटतंही. तरी माझ्या यादीत तो सरकत सरकत सातव्या जागेवर आला. तिथून पुढे प्रत्येक चित्रपटाला मी एकच प्रश्न विचारू लागले: नायकाखेरीज यातलं कोण माझ्याबरोबर राहिलं?

२. मनातल्या मनात ज्याला आपण दोषी ठरवून मोकळे होतो, त्याच्या घरी चित्रपट आपल्याला घेऊन गेला की फार अवघडायला होतं. ताम्हाणे यांचाच ‘कोर्ट’ (२०१४) मी पुन्हा पाहिला. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे गटारसफाई करणाऱ्या वासुदेव पवारनं आत्महत्या केली, असा आरोप. आणि तो न्यायालयात रेटणारी सरकारी वकील नूतन. ती कायद्याची कलमं भराभर वाचत जाते आणि आपल्या मनात तिच्याबद्दल राग साठत जातो. मग न्यायालय सुटतं. नूतन लोकल पकडते, शेजारच्या बाईशी साध्या घरगुती गप्पा मारते, मुलाला घेऊन घरी जाते, सगळ्यांसाठी स्वयंपाक करते. गीतांजली कुलकर्णींनी हे इतकं सहज केलं आहे की ही बाई मी रोज पाहते असं वाटलं. दमलेली, नोकरी आणि घर सांभाळणारी, कुणाचंही वाईट चिंतायला वेळ नसलेली. सुट्टीच्या दिवशी ती कुटुंबाबरोबर नाटकाला जाते, नाटकात परप्रांतीयांची टर उडवलेली असते, आणि सगळं सभागृह हसतं. एका वयस्क माणसाला पुन्हा पुन्हा तुरुंगात पाठवणारी व्यवस्था कुणा दुष्ट माणसांनी चालवलेली नाही. ती अशा घरांतून, अशा डब्यांच्या घाईतून चालते. नूतनचं घर पाहिल्यामुळे माझा राग कमी झाला नाही, उलट तो ठेवायला सोपी जागाच उरली नाही.

याच चित्रपटात वासुदेवची बायको साक्ष देते. गटारात उतरण्याआधी तो दगड टाकून बघायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा. ती हे ज्या सपाट आवाजात सांगते त्यानं मी हबकले. संरक्षणाची साधनं नाहीत, म्हणून माणसानं झुरळाच्या भरवशावर जीव टाकायचा. वीरा साथीदार यांनी नारायण कांबळे उभा केला. २०२१ मध्ये ते कोविडनं गेले. दुसऱ्यांदा पाहताना ते सतत मनात होतं. दुसरा क्रमांक ‘कोर्ट’चा, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

३. जुन्या चित्रपटाकडे आपण सवलत देऊन पाहतो, आणि तो ती सवलत नाकारतो. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. प्रभातनं पुण्यात तयार केलेला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. मी तो आईबरोबर पाहिला. आई रोज हरिपाठ म्हणते. मला वाटलं होतं ती विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेत आणि अभंगांत रंगून जाईल. ती रंगलीही. पण तिचं लक्ष राहून राहून तुकोबांच्या बायकोवर, जिजाईवर जात होतं. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो, घरच्यांना अंगभर नेसायला-ल्यायला मिळतं, आणि तुकोबा ते सगळं परत करायला लावतात, तेव्हा आई म्हणाली, “हिचं काय चुकलं गं? पोरांच्या पोटाचं कुणी बघायचं?”

हा प्रश्न आईचा खरा, पण तो चित्रपटानंच तिच्या तोंडी घातला होता. दिग्दर्शकांना संताची महती सांगायची होती. जिजाईला कजाग दाखवून काम भागलं असतं. पुष्कळ कथाकीर्तनांत तेच होत आलं आहे. इथे ती भांडते ते भुकेपोटी, पोरांपोटी. मूल आजारी पडतं तेव्हा ती हातात वहाण घेऊन थेट देवळात जाते, विठ्ठलाला जाब विचारायला. तुकोबा त्याच विठ्ठलाशी प्रेमानं बोलतात, ही रागानं बोलते, आणि दोघांचंही त्याच्याशी असलेलं नातं तितकंच सच्चं आहे असं चित्रपट मानतो. वैकुंठाला निघालेले तुकोबा तिला बरोबर यायला सांगतात, तेव्हा तिला घर, मुलं आणि म्हैस दिसते. भक्तीचा चित्रपट आपल्या शेवटाला येऊन पोचला असतानाही चुलीपाशी असलेल्या बाईला खोटं पाडत नाही.

जिजाई केली आहे गौरी या अभिनेत्रीनं. पागनीसांचं नाव घरोघरी झालं, गौरीचं तेवढं झालं नाही. मला मात्र तिचं चालणं, कमरेवर हात ठेवून उभं राहणं, बोलता बोलता आवाज चढणं आणि क्षणात मऊ होणं अजून दिसतं. नव्वदीला टेकलेल्या चित्रपटात इतकी जिवंत, इतकी आजची बाई भेटेल असं मला वाटलं नव्हतं. पहिला क्रमांक त्या दिवशीच ठरला. मी फक्त वर्ष संपेपर्यंत थांबले.

४. एखादी अभिनेत्री आपल्या यादीतले दोन चित्रपट आतून जोडून टाकते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) नायक जब्याची आई छाया कदम यांनी केली आहे. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’मध्ये (२०२४) त्याच पार्वती होतात: मूळची रत्नागिरीकडची, मुंबईत रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करणारी. हे दोन चित्रपट मी पाठोपाठ पाहिले. पार्वतीचा नवरा गिरणी कामगार होता. त्याच्या माघारी घर तिच्या नावावर असल्याचा एकही कागद तिच्यापाशी नाही, आणि बिल्डरला चाळ हवी आहे. कागद नाही म्हणून एवढी वर्षं त्या घरात राहिलेली बाई तिथे राहत नव्हती असं ठरतं. गिरणगावात वाढलेल्या कुणालाही हे ऐकून नवल वाटणार नाही. ती आणि त्याच रुग्णालयातली परिचारिका प्रभा मिळून बिल्डरच्या फलकावर दगड भिरकावतात, तो प्रसंग क्षणाचा आहे. तो पाहताना मला ‘फँड्री’चा शेवटचा दगड आठवला, जो जब्या थेट आपल्या दिशेनं फेकतो.

‘फँड्री’बद्दल बोलताना त्या दगडाबद्दलच बोललं जातं. या वेळी मला कचरू दिसला. किशोर कदम यांनी केलेला जब्याचा बाप: गावासमोर वाकलेला, पोरावर हात उगारणारा. त्याच्या डोक्यावर मुलीच्या लग्नाचं ओझं आहे आणि गावानं सांगितलेलं डुकरं पकडायचं काम नाकारायची त्याची ऐपत नाही. डुकराच्या मागे धावता धावता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, डुक्कर मात्र निघून जातं. तेव्हा मी जब्याकडे नाही, कचरूकडे बघत होते. ‘फँड्री’ चौथा, ‘ऑल वी इमॅजिन’ पाचवा. या दोघांमध्ये माझं मन बरेच दिवस डळमळत होतं. शेवटी कचरूनं पारडं झुकवलं.

५. शांततेलाही चित्रपटगृह लागतं. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आनंद मुंबईहून गावी येतो, आणि तिथे त्याला लहानपणचा सोबती बाळ्या भेटतो. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी थांबतो आणि माणसं आपापल्या वेळेनं बोलतात. घरी टीव्हीवर पाहिला असता तर मध्ये कुकरची शिट्टी झाली असती, कुणाचा तरी फोन वाजला असता. अंधारात अनोळखी माणसांबरोबर बसून तो ऐकल्यामुळे मला त्यातला गावचा दिवस मावळताना ऐकू आला.

आणि आनंदची आई. जयश्री जगताप यांनी केलेली. आपल्या मुलाचं प्रेम कुणावर बसतं हे तिला ठाऊक आहे. नातेवाईक लग्नाचा विषय काढतात तेव्हा ती मुलाला आडोसा देते. नवऱ्याचं दुःख, पाहुण्यांची सरबराई, सुतकाचे नियम, आणि त्या सगळ्यात मुलाकडे एक डोळा. अशा गोष्टींत आईबाप बहुधा भिंतीसारखे उभे केले जातात. इथे आईवडिलांनी मुलाला समजून घेतलेलं आहे, आणि गोष्ट तिथून सुरू होते. माझ्या आसपासच्या किती घरांत हे न बोलता घडत असेल, हा विचार घेऊन मी बाहेर पडले. तिसरा क्रमांक.

६. दुसऱ्याची यादी ऐकल्याशिवाय आपली पुरी होत नाही. माझी एक मैत्रीण अनेक वर्षं गाणं शिकते आहे. तिनं ‘द डिसायपल’ला पहिला क्रमांक दिला आणि म्हणाली, “शरदभोवती कुणी नाही म्हणतेस ना? रियाज करताना असंच असतं.” माझा सातवा क्रमांक बदलला नाही, पण तिचा पहिला मला मान्य आहे. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ तिला बोजड वाटला. मला तो सहावा वाटतो. त्यातले काही संवाद मलाही गरजेपेक्षा समजावून सांगणारे वाटले. पण स्मृती हरवत चाललेले संस्कृत पंडित (मोहन आगाशे) एका हत्तीच्या मागे निघून जातात आणि माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) त्यांना आपल्या दारात सामावून घेते. ज्या विद्वानाला जन्मभर मान मिळाला त्याला शेवटी एक गरीब बाई भरवते, आणि तिला ते आई समजतात. चन्नम्माखातर मी वाद घालायला तयार आहे.

७. जे जपलं गेलं त्यालाच क्रम लावता येतो. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला, आणि आज आपल्यापाशी त्याचा काही भागच उरला आहे. मूकपटांतले बहुतेक गेले. जुनी नायट्रेट फिल्म पटकन पेट घेते; २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा असा मोठा साठा जळाला. प्रभातच्या स्टुडिओच्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि ‘संत तुकाराम’ अजून बघता येतो, हे आपलं भाग्य. पी. के. नायर यांच्यासारख्या माणसांनी रिळं शोधत, मागत, जमवत आयुष्य घालवलं, तेव्हा कुठे जिजाई माझ्या आईपर्यंत पोचली. अशा किती जिजाया जळून गेल्या असतील, या विचारानं मला खरोखर वाईट वाटतं.

८. चित्रपट आवडणं घरी होतं, पण तो टिकणं तिकीटखिडकीवर ठरतं. ‘साबर बोंडं’ माझ्या घराजवळ फार दिवस राहिला नाही, आणि खेळांच्या वेळा नोकरदार माणसाला जमतील अशा नव्हत्या. शुक्रवार ते रविवार किती खुर्च्या भरल्या यावर मल्टिप्लेक्समधले पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. गर्दी नसेल तर सोमवारपासून खेळ कमी होतात, आणि ज्यांच्या कानावर नाव उशिरा येतं त्यांना तो तिथे भेटतच नाही. तेव्हा एवढंच मागणं आहे: जो मराठी चित्रपट बघायचा असं तुम्ही मनाशी ठरवलं असेल, तो पहिल्या तीन दिवसांत, पडद्यावर जाऊन बघा. घरातल्या मोठ्यांनाही बरोबर घेऊन जा.